नव्वद अंशांपर्यंत

धार, ६ नोव्हेंबर

सौ. बकुळा यांस,

राजवीरची तब्येत बरी आहे. तुम्ही दिवसातून तीन वेळा फोन करून त्याला तेच विचारता, म्हणून एकदा कागदावर लिहून पाठवतो. म्हणजे विचारायची गरज उरणार नाही.

इंदूरहून त्याला सत्तावीस तारखेला घरी आणलं. उजव्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते, ते तारेने बांधले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. टाके कोरडे आहेत. ताप नाही. औषधं सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत मोठ्या पट्ट्यात सरळ आहे. त्याखालची क्रेप बँडेज मी रोज सोडतो आणि नव्याने बांधतो. बोटांकडून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा. ड्रेसिंगला आलेल्या नर्सने फोटोच काढला. म्हणाली, "भिया, ये किसने बाँधा?" मी म्हटलं, आमच्या सात पिढ्या बांधतच आल्या, पण डोक्यावर.

हॉस्पिटलमध्ये तुम्हाला आत येता आलं नाही म्हणून तुम्ही राजवीरपाशी काही बोललात. पेशंटजवळ एकालाच थांबता येतं, पास एकच मिळतो, तो माझ्या नावाचा होता. नियम मी केलेला नाही.

तो तिकडे कधी येईल, हेही तुम्ही विचारलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आठ तारखेपर्यंत पाय सरळ. त्यानंतर रोज थोडा थोडा वाकवायचा. पाच डिसेंबरच्या तपासणीला तो नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. नव्वद म्हणजे खुर्चीवर नीट बसल्यावर गुडघा वाकतो तेवढा. तेवढा वाकला की जिना चढता येतो, शाळेत जाता येतं. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणून नव्वद झाले की तो देवासला तुमच्याकडे राहायला येणार, तिथल्या शाळेत नाव घालणार आणि पुढचं शिक्षणही तिथेच. हे तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलं. मला त्याने जेवताना सांगितलं.

भाऊबीजेला तो मला क्लासला जातो सांगून त्याच्या मित्राच्या, गोलूच्या स्कूटरवर मागे बसून तुमच्याकडेच निघाला होता आणि घाटाबिल्लोदला पडला, हे मी कुणाला बोललेलो नाही. इथेही बोलत नाही. फक्त लिहितो.

गणोजी


धार, १५ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात तुला तुम्ही लिहिलं म्हणून तू राजवीरला फोनवर म्हणालीस, "गणू मला तुम्ही म्हणतोय रे! मी एकदम कलेक्टरीण झाले." तो इतका हसला की मला त्याचा पाय धरून ठेवावा लागला. मी दाराआड उभा नव्हतो, फडताळातून कापड काढत होतो. असो. यापुढे तू लिहितो.

टाके निघाले. फिजिओथेरपीच्या शिवांगी मॅडम येऊन गेल्या. त्यांनी मला शिकवलं. त्याला खाटेच्या कडेला बसवायचं, टाचेखाली हात धरायचा, पाय हळूहळू खाली सोडायचा, दहा आकडे होईपर्यंत थांबायचं, मग वर घ्यायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. म्हणाल्या, "दुखेल. म्हणून सोडून द्यायचं नाही, नाहीतर गुडघा आतून जाम होऊन बसेल." आठवड्यातून दोनदा येऊ का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, मी बघितलं, मला जमेल. एकदा बघितलेलं मी विसरत नाही, हे तुला माहीत आहे. कपाटाच्या दारावर तक्ता लावला आहे. तारीख, वेळ, किती वेळा, किती अंश. रेघा पट्टीने मारल्या आहेत.

तुझे मेथीचे लाडू पोचले. आजारपणात एवढं तूप बरं नाही असं माझं मत, पण त्याने दोन दिवसांत डबा संपवला. शेवटचा अर्धा माझ्यापुढे धरून म्हणाला, "दादा, आई असेच करायची का?" मला आठवेना. ती गेली तेव्हा तू अठराची होतीस, मी चौदाचा. तुला तिचे लाडू आठवत असतील, मला तिचा ताप आठवतो. मी म्हटलं, "गूळ थोडा जास्त असायचा." हे खरं आहे का, मला ठाऊक नाही. पण तुझ्या लाडवात काहीतरी कमी आहे असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

लग्नसराई लागली आहे. दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून कामच घरी आणलं. बांधून तयार फेट्यांच्या ऑर्डरी पुष्कळ आहेत. राजवीर बसलेलाच असतो, तेव्हा लाकडी साचा बाजूला ठेवून त्याच्याच डोक्यावर बांधतो. बाबा म्हणायचे ना, लाकडाला दुखत नाही म्हणून लाकडावर बांधलेल्या फेट्यात खोट राहते. दिवसाला आठ-दहा होतात. तो टीव्ही बघतो, मी बांधतो. मधे मधे बोलतो. दहा वर्षांचा झाल्यापासून हा मुलगा मैदानावरून घरी फक्त जेवायला येत असे. आता दिवसभर घरात आहे. परवा विचारत होता, मी लहान असताना दुकानात कुठे झोपायचो? मी त्याला चंदेरी कापडाची पेटी दाखवली. तिच्यात झाकण उघडं ठेवून निजवायचो. तू त्या वेळी कॉलेजात असायचीस.

काल फेटा आवळत होतो तर म्हणाला, "दादा यार, थोडा ढीला. ताई बांधायची तर कळायचंच नाही डोक्यावर काही आहे."

"तू नऊ वर्षांचा होतास ती लग्न करून गेली तेव्हा. तुला काय आठवतंय?"

"आठवतं ना. हात हलका होता तिचा."

"हलका हात वरातीत चालत नाही. घोड्यावर नवरदेवाला नाचवतात. तुरा पडला तर शिव्या मला."

"बाबापण म्हणायचे. बकुळेच्या हाताला देवाने पीळ दिलाय, गणूला मेहनत दिलीय."

हे बाबा त्याच्यासमोर कधी बोलले, माहीत नाही. माझ्यासमोर बोलले होते. मला वाटत होतं की फक्त माझ्यासमोर बोलले.

एक सूचना. संध्याकाळच्या व्यायामाला तू व्हिडिओ कॉलवर आकडे मोजतेस ते बंद कर. माझ्या दहात तो सातव्याला ओरडतो, तुझ्या दहात पंधरापर्यंत थांबतो, मग रात्री पाय ठणकतो. म्हणून व्यायामाच्या वेळी त्याचा फोन मी आतल्या खोलीत चार्जिंगला लावत जाईन.

गणू


धार, २४ नोव्हेंबर

ताई,

तक्त्याचा फोटो मागितलास. फोटोत रेघा तिरक्या येतात, म्हणून नक्कल करून सोबत जोडली आहे. पंधराला पस्तीस अंश, बावीसला पंचावन्न. प्रगती चांगली आहे.

तू त्याला म्हणालीस, कॅमेरा पायाकडे कर. त्या वेळी पट्टा लावलेला होता, तो काय दाखवणार? विश्वास ठेवायचा नसेल तर तसं लिही.

खरं सांगायचं तर दुपारची पाळी कधी कधी राहते. गिऱ्हाईक त्याच वेळी येतं. बाकी दोन पाळ्या होतात. पण ताई, लांबून आकडे मोजणं सोपं आहे. टाचेखाली हात माझा असतो. दुखायला लागलं की तो माझं मनगट धरतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आज नको ना दादा." घरात आई नाही, बाप नाही. नको म्हणणाऱ्या पोराला दुखवायचं कुणी? मी पाय वर घेतो, उशी देतो, मग आम्ही फेटे बांधतो. परवा गुलाबी फेटा बांधून आरसा दाखवला, तर म्हणाला, "दादा, मी दिसतो का बाबांसारखा?" दिसतो. मी सांगितलं नाही.

पीयूषना तो जिजाजी म्हणतो. आपल्या घरात दाजी म्हणतात. मी एकदा सांगितलं, तर म्हणाला, "ते मला राजू भिया म्हणतात, मी त्यांना दाजी म्हणू? कसं वाटेल!" त्यांनी त्याच्यासाठी खिडकीजवळ टेबल करून घेतलं आहे आणि खिडकीतून माताजीची टेकरी दिसते, हे त्याने मला चार वेळा सांगितलं. रात्री टेकरीवरचे दिवे दिसतात, हे दोन वेळा. आमच्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. मी काल पहिल्यांदा नीट बघितली.

हे पत्र आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. कच्च्यात आणखी दोन परिच्छेद होते. ते घेतले नाहीत.

गणू


धार, १ डिसेंबर

ताई,

काल झालं त्याबद्दल तू फोन करणार नाहीस, म्हणून मीच लिहितो.

तू आणि पीयूष अकरा वाजता आलात. मी दारात म्हटलं की तो झोपला आहे आणि डॉक्टरांनी कुणाला जवळ येऊ देऊ नका असं सांगितलं आहे, जंतूंची भीती असते. तू म्हणालीस, उठेपर्यंत बसतो. मी आत बोलावलं नाही. तुम्ही ओट्यावर चाळीस मिनिटं बसलात. शेजारच्या भवानीबाईंनी तुम्हाला चहा दिला. मग तू पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवलीस आणि गेलीस. पीयूष जाताना म्हणाले, "गणू भैया, ख़याल रखना." हे सगळं मी खिडकीच्या फटीतून बघत होतो.

तो झोपला नव्हता. त्याच्या कानात इअरफोन होते आणि वरून कानांवर केशरी फेटा. मी तिसरा फेरा घेत होतो तेव्हाच कडी वाजली होती.

तुम्ही गेल्यावर भवानीबाई कपबश्या घेऊन सरळ आत आल्या. तुला त्यांचा आवाज माहीतच आहे.

"गणोजी, दारी आलेल्या माहेरवाशिणीस ओट्यावर बसविलेस? तुझ्या वडिलांनी रागे भरून घालविली, पण पाण्याचा तांब्या पुढे केल्यावाचून नाही घालविली. जावई बापडा पायरीवर बसला होता रे. मला लाज वाटली, ती तुझी होती."

राजवीरने कानातून वायर काढली. "कोण बसलं होतं?"

मी फेट्याचं टोक खोचत राहिलो. भवानीबाई बोलल्या. सगळं बोलल्या.

त्याने डोक्यावरचा फेटा उतरवला. शेजारी बांधून ठेवलेले सात होते, आज संध्याकाळी द्यायचे होते. त्याने ते एकेक मांडीवर घेतले आणि सोडले. फाडले नाहीत, फेकले नाहीत. पीळ उलटा फिरवत फिरवत, माझ्याकडे बघत, अगदी सावकाश. सातवा सुटेपर्यंत खाटेवर नुसतं कापड. मग म्हणाला, "एवढा वेळ ताई बाहेर होती आणि तू मला तुरा कसा पाहिजे विचारत होतास?"

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. डोक्याला हात लावू देत नाही. सातही फेटे मी लाकडावर पुन्हा बांधले.

जंतूंची भीती खरी असते. पण डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.

आणि पासबद्दल. पास बदलून घेता येत होता. खाली खिडकीवर दोन मिनिटांचं काम होतं. बाकीचे नातेवाईक घेत होते. मी चार दिवस तो शर्टाच्या खिशात ठेवला, झोपतानासुद्धा.

गणू


धार, ५ डिसेंबर, संध्याकाळ

ताई,

हे टपालात टाकणार नाही. लिहून झालं की तुला फोन लावणार आहे आणि हेच वाचून दाखवणार आहे. मला बोलताना शब्द सापडत नाहीत, म्हणून आधी लिहून घेतो. मधे बोलू नकोस, नाहीतर ओळ चुकेल.

बाबा गेले तेव्हा मी तुला फोन केला नाही, कार्ड टाकलं. ते तीन दिवसांनी पोचणार हे मला माहीत होतं. तू आलीस तोवर अस्थीही खलघाटला नर्मदेत सोडून झाल्या होत्या. तू दारात एवढंच म्हणालीस, "गणू, फोन होता ना रे?" आणि मग तीन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. मी लोकांना सांगत आलो की बाबांची तशी इच्छा होती. तशी नव्हती. शेवटचे दहा दिवस ते तुझं नाव घेत होते. मी चमच्याने पाणी पाजत होतो, कूस बदलत होतो, आणि ते तुझं नाव घेत होते. म्हणून कार्ड टाकलं.

आज राजवीरला इंदूरला दाखवलं. मी तक्ता नेला होता. डॉक्टर म्हणाले, "किसने बनाया? बहुत साफ़ लिखा है." शेवटची नोंद पंच्याऐंशी होती. त्यांनी गुडघ्याला मोजपट्टी लावली. "पैंतीस." मग पुन्हा लावली. "पैंतीस ही है. और ये पचासी कहाँ से आया?"

मी जमिनीकडे बघत होतो. राजवीर म्हणाला, "सर, मैं बोलता था, दादा लिख देते थे. मैं झूठ बोलता था. दर्द होता था."

डॉक्टर त्याला खूप बोलले. पंधरा वर्षांचा झालास, पाय तुझा आहे की माझा, असं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "दो हफ़्ते देता हूँ. नहीं तो बेहोश करके मोड़ना पड़ेगा. उसमें तार टूट सकता है. फिर दोबारा ऑपरेशन." एकोणीस तारखेला पुन्हा बोलावलं आहे.

गंगवाल स्टँडवरून धारची बस धरली. पाय ठेवायला त्याला तीन जणांची सीट घेतली होती. मी पायाकडे बसलो होतो. मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तू खरं बोलणार होतास का?"

पाच दिवसांनी तो माझ्याशी बोलला ते हे. मग बाहेर बघत म्हणाला, "मला माहीत होतं दादा. माझ्या कंपासमध्ये चाँदा आहे, कोन मोजायचा. तू पंचावन्न लिहिलंस ना, त्या दिवशी तीस होता."

"मग बोलला का नाहीस?"

"दुखायचं ना. नको म्हटलं की तू सोडायचास, बरं वाटायचं." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तू गोष्टी सांगायचास. पेटीत झोपायचो वगैरे. आधी मी घरी आलो की तू नुसता 'जेव' म्हणायचास."

मला वाटलं, आता तो म्हणेल की मी जात नाही. तो म्हणाला, "पण मला जायचंय दादा. ताईकडे. मला तिथे शिकायचंय. तू रागावू नको."

त्याला दुखतं म्हणून मी सोडत होतो, हे मी तुला लिहिलं, स्वतःलाही सांगितलं. ते अर्धं खरं आहे. गुडघा पाच अंश वाकला की तो पाच अंश देवासकडे सरकत होता. मी टाचेखाली हात धरायचो आणि मला ते दिसायचं. न वाकलेला पाय घरात राहत होता. तुला आईची अठरा वर्षं मिळाली, कॉलेज मिळालं, बाबांचं कौतुक मिळालं, तेही तू नसताना. मी नववीतून उठलो आणि हा एकटा माझ्या वाट्याला आला. तोही तुझंच नाव घेतो.

पण त्याला पुन्हा टेबलावर घेतलं आणि तार तुटली, तर ती मी तोडलेली असेल.

तू ये. उद्याच ये. दाजींनाही घेऊन ये. तुझ्या दहात तो पंधरापर्यंत थांबतो.

एवढंच लिहिलं आहे. आता बोल.

गणू


धार, २८ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. तो देवासच्या घरचे दोन्ही जिने कठडा धरून चढला आणि दाजी मागे एक पायरी सोडून होते, हे वाचलं. चढला हे वाचून बरं वाटलं. मागे दाजी होते हे वाचून तेवढं वाटलं नाही. आता खोटं लिहीत नाही, तेव्हा हेही लिहितो.

तू सहा तारखेला आलीस तेव्हा मला वाटलं होतं तू भांडशील. तू पिशवी ठेवलीस, हात धुतलेस आणि विचारलंस, "टाच कुठे धरायची?" पंधरा दिवस तू इथे राहिलीस आणि मला एकदाही त्या ओट्याची आठवण करून दिली नाहीस. हे मला भांडणापेक्षा जड गेलं. शिवांगी मॅडम रोज यायच्या, तू टाच धरायचीस, मी मागून खांदे. तो किंचाळायचा तेव्हा "ताई" म्हणायचा. खांदे मी धरलेले असायचे आणि तो "ताई" म्हणायचा. तू मोजायचीस. पन्नास झाले, पासष्ट झाले, ऐंशी झाले. फेटे बांधायला मग तूच बसलीस, खरमास लागून लग्नं थांबायच्या आधीच्या सगळ्या ऑर्डरी आपण दोघांनी पुऱ्या केल्या. तुझ्या हाताला खरंच पीळ आहे. गिऱ्हाईक तुझेच आधी उचलत होतं. तू ते बघितलं नाहीस, मी बघितलं.

मग तीन दिवस तो ऐंशीच्या पुढे जाईना. अठरा तारखेचं तुला वेगळं आठवत असेल, म्हणून माझं लिहितो.

मॅडम म्हणाल्या, आज झालं नाही तर उद्या बेशुद्धीची सुईच. तू टाच धरलीस. तो रडायला लागला, आवाज न करता, तोंड वाकडं करून, जसा लहानपणी रडायचा तसा. तू हात काढून घेतलास. म्हणालीस, "गणू, माझ्याने नाही होत रे. तू कर." आणि स्वयंपाकघरात गेलीस. नंतर तू दाजींना सांगत होतीस की गणू किती शांत होता.

मी शांत नव्हतो. मी टाचेखाली हात घातला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता माझ्या हातात आहे. मी थोडा कमी दाबला असता तर कुणालाच कळलं नसतं. मॅडमना नाही, तुला नाही. बेशुद्ध करून वाकवला असता, महिना वाढला असता, शाळेचं हे वर्ष गेलं असतं. हे सगळं तेवढ्यात मनात येऊन गेलं, आणि त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही. तो "नको" म्हणाला नाही. म्हणाला, "दादा, मोज."

मी मोजायला लागलो. सातव्याला तो ओरडला. मी दाबत राहिलो. दहा झाले, मी थांबलो नाही. आत काहीतरी सुटल्यासारखं माझ्या हाताला लागलं आणि मला वाटलं, तार गेली. मॅडम म्हणाल्या, "नहीं नहीं, ठीक है, चलने दो." चौदाला तो गप्प झाला. मॅडमनी मोजपट्टी लावली आणि ब्याण्णव म्हणाल्या. तू दारातून टाळ्या वाजवल्यास. त्याने तुझ्याकडे बघितलं, हसला. मी हात धुवायला मागे गेलो. बराच वेळ धूत होतो.

मला तुझा राग येतो. अजूनही येतो. इथे दुपारी कामाला बसलो की तू आत्ता त्याला काय वाढत असशील ते येतं डोक्यात, आणि कापडाची घडी चुकते. पण टाच धरणारा शेवटचा हात माझा होता, हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. तूसुद्धा नाही.

आता तुझ्या कामाचं. झोपताना दोन्ही पोटऱ्यांच्या मधे उशी लागते, गुडघ्यांच्या मधे नाही. सकाळी त्याला हाक मारून उठवायचं नाही, तो दचकतो आणि पाय एकदम आखडतो. केसांतून हात फिरवायचा, म्हणजे आपोआप जागा होतो. दुखत असलं की सांगत नाही, सारखी चादर सरळ करत बसतो. चादर सरळ करायला लागला की व्यायाम थांबवू नकोस, फक्त बोलत राहा, काहीही बोल. शेक दिल्यावर लगेच पंखा लावू नकोस. जिना उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी, हे तो घाईत उलटं करतो. मेथीच्या लाडवात गूळ वाढवू नकोस, आहेत तसेच त्याला आवडतात. डॉक्टरांनी एकशे तीसपर्यंत न्यायला सांगितलं आहे. तो नको म्हणेल. सोडू नकोस.

आठवलं ते सगळं लिहिलं आहे. एक गोष्ट मुद्दाम लिहिलेली नाही. ती औषधाची नाही, गुडघ्याची नाही, तिच्यावाचून काही अडणार नाही. तो अगदी तान्हा होता, आई नुकतीच गेली होती, आणि रात्र रात्र रडायचा. तेव्हा मी एक करायचो आणि तो रडायचा थांबायचा. अजूनही थांबतो. बाबांना ते ठाऊक नव्हतं, तुलाही नाही. ते मी तुला सांगणार नाही.

कधी कशानेच थांबला नाही, तर फोन कर. मी येतो.

तुझा
गणू